गुडघा, टायर आणि तीनताल

पळणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले विचारतात, "किती किलोमीटर?" आणि दुसरे सांगतात, "गुडघे सांभाळा हं!" दुसऱ्या प्रकारचे लोक प्रचंड बहुमतात आहेत, हे मी दहा वर्षांच्या अनुभवावरून छातीठोकपणे सांगू शकतो. लिफ्टमधले काका, इस्त्रीवाला, बायकोची आत्या, ऑफिसातला एचआर... सगळ्यांना माझ्या गुडघ्यांची काळजी. रोज नऊ-दहा तास खुर्चीत बसून मी पाठीचं, मानेचं आणि डोळ्यांचं जे काही करतो, त्याची चौकशी मात्र आजवर एकानेही केलेली नाही. आयटीवाल्याने खुर्चीत बसून झिजावं हे जगाला मान्य आहे. रस्त्यावर पळून झिजणं मंजूर नाही.

मग २०२४ च्या मार्चमध्ये माझा उजवा गुडघा खरोखरच दुखायला लागला आणि या सगळ्या मंडळींना एकदम बरं वाटलं. (म्हणजे वाईटच वाटलं हो. पण "मी म्हणत नव्हते?" हे वाक्य उच्चारताना माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो काही लपत नाही.)

दुखणंही असं, की सांगायला लाज वाटावी. पडलो नाही, मुरगळला नाही, कट्ट असा आवाज आला नाही, सूज नाही. वाटीच्या मागे कुठेतरी आत ठणकायचं. "नक्की कुठे दुखतंय?" असं कुणी विचारलं की एक बोट ठेवून दाखवता यायचं नाही, सगळा तळहात वाटीवर ठेवून "इथे... म्हणजे आत" असं म्हणावं लागायचं. जिना चढताना थोडं, उतरताना जास्त. उकिडवं बसलं की हमखास. पळताना पहिले दोन किलोमीटर काही नाही, तिसऱ्याला कुणीतरी आतून हळूच दार वाजवतंय असं वाटायचं आणि चौथ्याला तो माणूस दार तोडायला लागायचा. आणि सगळ्यात कहर म्हणजे, तासभर मीटिंगमध्ये नुसतं बसून उठलं तरी दुखायचं! आमच्या धंद्यात ज्याला कधी येणारा, कधी न येणारा बग म्हणतात, तसला प्रकार. डॉक्टरसमोर गेलं की नेमका येणार नाही.

या दुखण्याला पॅटेलोफेमोरल पेन म्हणतात. पॅटेला म्हणजे गुडघ्याची वाटी आणि फीमर म्हणजे मांडीचं हाड. गुडघा वाकतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीतून वरखाली सरकते. या दोघांच्या मधे कुठेतरी कुरबूर सुरू झाली की हे दुखणं येतं. पळणाऱ्यांमध्ये इतकं सर्रास आढळतं की त्याचं लाडाचं नाव 'रनर्स नी' पडलंय. पण गंमत अशी की खूप वेळ बसून उठलं की दुखतं म्हणून याच दुखण्याला 'मूव्हीगोअर्स नी' असंही म्हणतात. म्हणजे एकच दुखणं, नावं दोन: पळणाऱ्याचा गुडघा आणि सिनेमा बघणाऱ्याचा गुडघा! पळा नाहीतर बसा, ते तुम्हाला गाठणारच. मी सकाळी पहिल्या वर्गात मोडायचो आणि दिवसभर दुसऱ्या.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि एमआरआय काढायला पाठवलं. रिपोर्ट आला. त्यात वाटीच्या मागचा कूर्चा थोडा मऊ झाल्याचं आणि आतल्या गादीत काहीतरी 'बदल' असल्याचं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "झीज सुरू झालीये. वय किती? छत्तीस? पळणं बंद करा. पोहा." एकूण चार मिनिटं. फी द्यायला रांगेत मी त्याहून जास्त वेळ उभा होतो.

'झीज' हा शब्द मराठीत फार वाईट आहे. दुखणं म्हटलं की ते बरं होईलसं वाटतं. झीज म्हटलं की जे गेलं ते गेलंच.

आणि हा शब्द माझ्या घरात नवा नव्हता. माझे बाबा साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आयुष्यभर त्यांनी बुश, बेअरिंग आणि ब्रेक लायनर बदलले. त्यामुळे शरीराकडेही ते गाडीसारखंच बघतात. फोनवर एमआरआयचं सांगितलं तर म्हणाले, "टायर आहे तो लेका. त्याच्यावर जेवढे किलोमीटर लिहिलेत तेवढेच चालणार. तू छत्तिशीतच संपवायला निघालास. मी तरी साठीपर्यंत पुरवले."

हे ते चेष्टेत म्हणाले, पण मला त्यातलं काहीच चेष्टेचं वाटलं नाही. कारण २०१९ पर्यंत बाबा रोज सकाळी अजिंक्यतारा चढून यायचे. साताऱ्यातली निम्मी म्हातारी मंडळी सकाळी किल्ल्यावर भेटतात, तसे तेही. मग गुडघे दुखायला लागले आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की चढ-उतार बंद, जिना टाळा, मांडी घालून बसू नका. बाबा शिस्तीचे. त्यांनी सगळं तंतोतंत पाळलं. आधी किल्ला सुटला. मग गच्चीवर जाणं सुटलं. मग मंडईत पायी जाणं सुटलं, आई रिक्षाने जायला लागली. मग लग्नाकार्याला "तुम्ही जाऊन या" सुरू झालं. गुडघा वाचवायचा म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडत गेला आणि गुडघा काही कमी दुखेना. चार वर्षांत बाबांच्या मांड्या अर्ध्या झाल्या. धोतर नेसत असते तर कदाचित दिसलं नसतं, पण हाफ पँटमध्ये दिसायचं.

मला पळता येणार नाही याची भीती होतीच. पण खरी भीती ही होती: या घरात गुडघ्याचं असंच होतं, आणि आता माझा नंबर.

त्यामुळे "पोहा" ऐकून गप्प न बसता मी वाचायला लागलो. बग मिळाला की डॉक्युमेंटेशन वाचायचं, ही सवय कामाला आली. पहिला धक्का एमआरआयबद्दलच बसला. २०२० साली लंडनच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना गुडघ्याचा काहीही त्रास नाही अशा ११५ बैठ्या, मध्यमवयीन माणसांचे दोन्ही गुडघे, म्हणजे एकूण २३० गुडघे, त्यांनी चांगल्या ताकदीच्या एमआरआय मशीनमध्ये तपासले. त्यातल्या ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही 'बिघाड' दिसला! ३० टक्के गुडघ्यांत तर गादी फाटलेली होती, आणि त्या लोकांना पत्ताही नव्हता. म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी लिहून येणं ही नवलाची गोष्टच नाही. कोरा रिपोर्ट आला असता तर तेच नवल. कंपायलरने चारशे वॉर्निंग्ज दिल्या म्हणून प्रोग्रॅम चालत नाही असं थोडंच असतं?

दुसरा मुद्दा टायरचा. २०१७ साली ऑर्थोपेडिक आणि स्पोर्ट्स फिजिकल थेरपीच्या एका अमेरिकन जर्नलमध्ये अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र मोजदाद आली होती. खुबा किंवा गुडघ्याचा संधिवात, म्हणजे आपण ज्याला झीज म्हणतो तो, हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के लोकांना, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्क्यांना आणि व्यावसायिक, स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्क्यांना आढळला. आता यावरून "पळा म्हणजे संधिवात होणार नाही" असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. ज्यांचे गुडघे मुळात दुखतात ते पळायचं सोडून देतात आणि आपोआप बैठ्यांच्या रांगेत जाऊन बसतात, हेही त्यात असणारच. पण एक गोष्ट मात्र नक्की. गुडघा जर टायर असता तर हे आकडे असे आलेच नसते. सगळ्यात कमी किलोमीटर झालेला टायर सगळ्यात कोरा निघायला हवा होता.

कारण टायर मेलेलं रबर आहे. वापरला की त्याला झिजण्यापलीकडे काही करता येत नाही. हाड जिवंत आहे. युलियुस वुल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच लिहून ठेवलंय की हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट, अंतराळवीर वजनरहित अवस्थेत गेले की त्यांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते. तिथे तर पायऱ्या नाहीत, चढ नाहीत, गुडघ्याला संपूर्ण विश्रांती! कूर्च्याचं आणखीच वेगळं. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. भार आला की तो स्पंजसारखा दाबला जातो, भार गेला की फुगतो, आणि या दाबण्या-फुगण्यातूनच सांध्यातल्या द्रवातलं पोषण त्याला मिळतं. म्हणजे वापर हेच त्याचं जेवण. फार झालं तर अजीर्ण होतं हे खरं, पण उपास हा काही त्यावरचा कायमचा उपाय नव्हे.

मे महिन्यात एका मित्राने त्याच्या ओळखीतल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी एमआरआयचा लखोटा बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "दुखायला लागण्याच्या आधी दोन-तीन महिन्यांत काय काय बदललं?"

मी जागच्या जागी त्यांचा भक्त झालो. कारण प्रॉडक्शन बोंबललं की आम्ही लोक पहिला प्रश्न हाच विचारतो. काल चालत होतं ना? मग कालपासून आजपर्यंत काय बदललं?

माझ्याकडे पळण्याचा लॉग होता. तो घेऊन बसलो. किलोमीटर आठवड्याला पंचवीसच्या आसपास, वर्षभर तेवढेच. बूट तेच. पण जानेवारीत मुलीच्या शाळेसाठी आम्ही कर्वेनगर सोडून बावधनला राहायला आलो होतो. कर्वेनगरला मी कालव्याच्या कडेने पळायचो, आणि कालव्याकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार, नाहीतर पाणी कसं वाहील! बावधनहून मात्र पाषाणकडे जायचं म्हणजे सकाळी सकाळी सलग उतार. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकचं काम करावं लागतं आणि तो सगळा दाब वाटीवर येतो. त्यात फेब्रुवारीत आमचा मोठा रिलीज. दिवसाला अकरा तास खुर्ची, झोप साडेपाच तास. एकटा उतार झेपला असता, एकटी खुर्ची झेपली असती, एकटी कमी झोपही झेपली असती. तिन्ही एकदम आले.

मॅडम म्हणाल्या, "गुडघा खराब नाहीये तुमचा. त्याला सध्या जेवढं पेलतं त्यापेक्षा जास्त काम येतंय, एवढंच." मी मनात भाषांतर केलं: ट्रॅफिक कपॅसिटीच्या वर गेलंय. मग अशा वेळी आपण काय करतो? सर्व्हर भंगारात देत नाही. सर्व्हर कायमचा बंदही ठेवत नाही. आधी ट्रॅफिक कमी करतो, मग सावकाश कपॅसिटी वाढवतो, आणि मग ट्रॅफिक पुन्हा थोडं थोडं सोडतो. पुढचं दीड वर्ष मी हेच केलं. त्यात गुपित असं काहीच नाही.

ट्रॅफिक कमी करायचं म्हणजे उतार बंद, लांब पल्ला बंद, वेग बंद. पळणं बंद नाही! हे माझ्यासाठी नवं होतं. त्याऐवजी आठवड्यातून चार-पाच वेळा, अगदी थोडं थोडं. नियम फक्त दोन. दुखण्याला शून्य ते दहा असे मार्क द्यायचे. पळताना दोनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि थांबल्यावर तासाभरात गुडघा पळण्याआधी जसा होता तसा झाला पाहिजे. बसलं या दोन्हींत तर पुढच्या वेळी थोडं वाढवायचं, नाही बसलं तर थोडं कमी करायचं. क्युबेकमध्ये याच दुखण्याच्या ६९ पळणाऱ्यांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला होता, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त हे असं भार सांभाळायला शिकवलं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला व्यायाम दिले, तिसऱ्याला जोडीला पळण्याची ढब बदलायला शिकवली. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे सगळ्यात मोठं औषध म्हणजे किती, कुठे आणि केव्हा याचा हिशोब ठेवणं. इंजिनिअरला यापेक्षा आवडता उपचार तो कुठला?

तरीही मॅडमनी व्यायाम दिलेच, कारण मला पुढे डोंगरावर पळायचं होतं आणि तिथे ताकद लागणार होती. कुशीवर झोपून पाय वर उचलणं (हे खुब्याच्या बाजूच्या स्नायूसाठी. तो ढिला असला की मांडी आत वळते आणि वाटीखालची खोबणीच सरकते. आगगाडी जागेवर आणि रूळ हलतायत असा प्रकार). उताणं झोपून कंबर उचलणं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवणं. आठवड्यातून तीन दिवस, दहाचे तीन सेट.

या व्यायामांबद्दल एकच तक्रार, ते भयंकर कंटाळवाणे आहेत. पळण्यात सूर्योदय असतो, वेताळ टेकडीवर मोर असतात, परत येताना पोहे असतात. कुशीवर झोपून पाय उचलण्यात फक्त सोफ्याखालची धूळ असते. माझी मुलगी शेजारी झोपून माझ्याहून दुप्पट वेगाने पाय उचलायची आणि "बाबा, तू आउट" म्हणायची. दोन आठवड्यांत काही फरक नाही. चार आठवड्यांत काही फरक नाही. सातव्या आठवड्यात ऑफिसात लिफ्ट बंद होती म्हणून तीन मजले उतरलो आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की गुडघ्याची आठवणच आली नव्हती. बरं होणं हे असं असतं. सगळी मजा आठवण न येण्यात.

पळण्याची ढब हा तिसरा भाग, आणि यातच मला सगळ्यात जास्त मजा आली. २०११ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या मिनिटाला पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार चांगलाच कमी होतो. कारण साधं आहे. पावलं आखूड होतात आणि पाय शरीराच्या फार पुढे जाऊन आपटत नाही. माझी पावलं मिनिटाला १६० पडायची. पाच टक्के वाढवायचे म्हणजे १६८. त्यासाठी लोक मेट्रोनोम लावतात. टिक टिक टिक टिक... पाच मिनिटांत वेड लागतं. मग मी फोनवर तबल्याचं अॅप घेतलं, लय १६८ मात्रांवर लावली आणि तीनताल सुरू केला. एक मात्रा, एक पाऊल. काय सांगू मंडळी! रस्ताच बदलला. सोळा पावलांनी सम येते, लिंबाच्या झाडापासून पुढच्या खांबापर्यंत एक आवर्तन, डोकं मोकळं.

फक्त एक अडचण होती. सोळा हा सम आकडा, त्यामुळे सम दर वेळी एकाच पायावर येते. आणि समेवर माणूस नकळत पाय जरा जोरातच टाकतो! एकताल बारा मात्रांचा, झपताल दहाचा, तिथेही तेच. यावर उत्तर म्हणजे रूपक. मात्रा सात. त्यामुळे सम एकदा उजव्या पायावर, पुढच्या आवर्तनात डाव्यावर. शिवाय रूपकात समेवरच खाली असते, म्हणजे जोर द्यायचा प्रश्नच नाही. गुडघ्याच्या दृष्टीने यापेक्षा न्यायी ताल शोधून सापडायचा नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला झाकीर हुसेननी बरं केलं असं पेपरात लिहा आता." :)

हे सगळं वाचून असं वाटेल की आलेख सरळ वर गेला. तसं काही नाही. जूनमध्ये एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं असं सुरू केलं होतं. सप्टेंबरपर्यंत सलग पंधरा मिनिटांवर आलो होतो. मग १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आली. पुण्यातली मिरवणूक, पाहुण्यांना दाखवायची म्हणून रात्रभर लक्ष्मी रोड ते अलका चौक उभं राहणं आणि रेंगाळत चालणं. दुसऱ्या दिवशी गुडघा थेट पाचवर. जिना उतरताना कठडा धरावा लागला. चार महिन्यांची मेहनत गेली, परत झीज, परत टायर, परत बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर. मॅडमना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखलं म्हणजे तुटलं असं नसतं. तीन दिवस कमी करा आणि चौथ्या दिवशी मला सांगा."

चौथ्या दिवशी गुडघा एकवर होता.

यावर मी बराच विचार केला. एकदा मोठा घोटाळा होऊन गेला की आम्ही सिस्टिमवर अलार्म लावून ठेवतो आणि तेही इतके संवेदनशील, की पुढचे सहा महिने मांजर शिंकलं तरी रात्री तीन वाजता फोन वाजतो. प्रत्येक वेळी उठून बघावं लागतं, पण प्रत्येक वेळी आग लागलेली नसते. खूप दिवस दुखलेल्या गुडघ्याचंही तसंच होतं. अलार्म खरा असतो, दुखतं ते खरंच दुखतं. पण तो किती नुकसान झालंय याचा आकडा नव्हे. बाबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा अलार्म वाजला की ते एक खोली बंद करायचे. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं सांगायचं राहिलं. ही शर्यत २०१२ पासून होते. अंतर २१.१ किलोमीटर, पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे चढताना दम आणि उतरताना गुडघे. २०२४ च्या शर्यतीला मी दुखण्याच्या आधीच नाव नोंदवून ठेवलं होतं. फी गेली, मी घाटात उभा राहून इतरांना पाणी दिलं. पण तोवर मॅडमना लिहून दिलं होतं की पुढच्या वर्षी हीच पळायची. त्यांनी उतार बंद ठेवला नाही, शेवटी ठेवला. आधी सपाट, मग चढ, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दहा किलोमीटर विनातक्रार झाल्यावर पाषाणचा तोच उतार. आधी दोनशे मीटर, पुढच्या आठवड्यात चारशे. ज्या गोष्टीने दुखलं ती कायमची टाळायची नाही, डोस ठरवून परत घ्यायची. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी यवतेश्वर चढलो आणि उतरलो. वेळ २ तास ४१ मिनिटं, म्हणजे कुठेही फोटो छापून यावा असं काही नाही. उतारावर दोन ठिकाणी चाललो. गुडघा जास्तीत जास्त दोन.

पण खरी बातमी ती नाहीच. २०२४ च्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो. मी माझा खुर्चीवरून उठ-बसचा सेट करत होतो आणि बाबा पेपर वाचता वाचता बघत होते.

"खुर्चीला हात न लावता?"

"हो. तुम्ही करून बघा."

"झिजलेला बुश आहे रे बाबा तो. त्याला काय व्यायाम?"

"बुश आपणहून जाड होत नाही, बाबा. मांडी होते."

यावर ते काही बोलले नाहीत. उंच खुर्ची घेतली, त्यावर उशी ठेवली, आणि हात न लावता उठायला गेले. जमलं नाही. ज्या माणसाने बसचं इंजिन खाली उतरवलंय त्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बघत होती, ती आत निघून गेली. बाबांनी अजून एक उशी आणायला सांगितली. दोन उश्यांवरून जमलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

बाबांचा त्रास माझ्यासारखा नाही, त्यांना वयाचा संधिवात आहे आणि तो जाणार नाही. पण संधिवातातही व्यायाम हा पहिल्या फळीतला उपचार मानला जातो, हे साताऱ्यातल्या फिजिओथेरपिस्टनेही त्यांना तपासून सांगितलं आणि त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम लिहून दिला. बाबांनी तो वर्कशॉपच्या जॉब कार्डासारखा वहीत आखला. तारीख, किती वेळा, किती दुखलं. चार महिन्यांनी एक उशी गेली. त्यानंतर कधीतरी दुसरी गेली. गुडघे अजून दुखतात, वहीत तीन आणि चार असे आकडे असतात. पण मंडईत ते पायी जातात, आणि रविवारी चार भिंतींपर्यंत चढून जातात. तिथे बसून सगळा सातारा बघतात आणि मला फोन करतात, "आजचे किती झाले तुझे?"

किल्ल्यावर अजून गेलेले नाहीत. जातील किंवा नाही जाणार. मी विचारत नाही.

मला भेटणारे लोक अजूनही "गुडघे सांभाळा हं" म्हणतातच. पूर्वी मी हसून पुढे जायचो. आता थांबून "हो, सांभाळतोय की" म्हणतो. कारण सांभाळायचं म्हणजे कपाटात ठेवायचं नाही, एवढं मला कळलंय. दागिना आणि गुडघा यात तेवढा फरक आहे.

चला, उद्या सकाळी सहा किलोमीटर आहेत. रूपक, १६८.